लुंबिनीच्या अलीकडे

आमच्या घरात मोटारसायकल बायको चालवते आणि मी मागे बसतो. लग्नाला पंचवीस-सव्वीस वर्षं झाली, पहिल्यापासून हे असंच आहे. लहानपणी पोलिओ झाला, त्यात माझा डावा पाय बारीक राहिला. मी काठी घेऊन चालतो. मागे दोन जादा चाकं बसवलेली स्कूटर आहे, तिच्यावरून कचेरीत जातो-येतो. पण दोन चाकांवर तोल सांभाळायचा, गाडी थांबली की पाय टेकायचा, हे माझ्याच्याने होण्यासारखं नाही, आणि मी कधी त्याच्या वाटेला गेलो नाही.

तिला गाडीची आवड माहेरून. तिचे वडील संगमेश्वराकडच्या एका खेड्यात शिक्षक होते. त्यांच्या मोटारसायकलवर ती दहावीच्या सुट्टीत शिकली. लग्न ठरताना माझ्या आईने विचारलं होतं, मुलीला काय काय येतं. तिच्या वडिलांनी स्वयंपाक, शिवण वगैरे सांगून झाल्यावर जरा थांबून सांगितलं, "आणि गाडी येते." आईला वाटलं, सायकल.

रत्नागिरीत आल्यावर तिने बायकांना दुचाकी शिकवायचा क्लास काढला. आमचं घर कुवारबावला. तिथून थोडं वर गेलं की सडा लागतो. नुसता सपाट काळा कातळ, पावसाळा सोडला तर त्यावर गवतसुद्धा नसतं. तिथे रोज सकाळी तिचा क्लास भरतो. नर्सा, शिक्षिका, मिरकरवाड्यातल्या मासळीवाल्या, नवरा आखातात असलेल्या राजिवड्याच्या बायका, अशा कितीतरी जणी तिच्याकडून शिकून गेल्या. कोणी पडलं तर ती धावत जात नाही. जागेवरूनच सांगते, "आधी गाडी बंद करा, मग उठा."

आमच्या विहारातून वर्षा-दोन वर्षांनी एक बस निघते. बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत लुंबिनीला जाऊन येते. शेजारच्या काकी त्या बसने जाऊन आल्या आणि महिनाभर तेच सांगत होत्या. बायको सगळं ऐकून घ्यायची. एका संध्याकाळी बांगडे साफ करता करता ती म्हणाली, "मला लुंबिनीला जायचंय."

"मग पुढच्या बसला नाव देऊ," मी म्हणालो.

"बसनं नाही. आपल्या गाडीनं."

"अगो, नेपाळात आहे ते. परदेश आहे."

"म्हणून तर म्हणते. अर्धी रत्नागिरी दुबई-मस्कतला जाऊन आली. आपण कधी कुठली हद्द ओलांडली? आणि तिथं गाडी नेता येते, मी विचारून ठेवलंय."

काकींना कळल्यावर त्या समजावायला आल्या. "बशीनं जा ना गो बाय. जेवणखाण सगळं बशीत मिळतं. ती मोटारसायकल कशाला एवढ्या लांब?" पुण्याहून मुलीचा फोन आला. ती तिथे नोकरी करते. "बाबा, तुम्ही तिला अडवा," ती म्हणाली. मी तिला अडवू शकलो नसतो हे खरंच, पण मला अडवायचंही नव्हतं. माझी रजा शिल्लक होती, आणि मागच्या सीटवर बसायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती.

दिवाळी झाल्यावर निघालो. आंबा घाट चढून कोल्हापूर, मग सोलापूर, नागपूर. नागपूरला दीक्षाभूमीवर अर्धा दिवस थांबलो. तिथून जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर. मोठी जड गाडी, मागे दोन्ही बाजूंना बॅगा, त्यांच्यावर दोरीने बांधलेली माझी काठी. मागे बसणाऱ्याला रस्ता फारसा दिसत नाही. तिचं हेल्मेट दिसतं, खांदा दिसतो आणि बाजूने पळणारी शेतं. दर तासा-दीड तासाने माझा पाय बधिर व्हायचा. मग ती गाडी बाजूला घ्यायची, मी हाताने पाय उचलून खाली ठेवायचो आणि काठी घेऊन चार पावलं फिरून यायचो. ढाब्यांवर लोक विचारायचे, गाडी कोण चालवतं. मी तिच्याकडे बोट दाखवायचो. कोणी हसायचं, कोणी तिला नमस्कार करायचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. सवय होती.

हद्दीवरच्या सोनौलीला पोचलो तेव्हा सकाळ होती. गावाच्या बरंच अलीकडून ट्रकांची रांग लागलेली. आम्ही तिच्या कडेकडेने पुढे सरकत फाटकापाशी आलो. मी कल्पना केली होती तसं तिथे काहीच नव्हतं. माणसं पिशव्या घेऊन, सायकली घेऊन, कडेवर पोरं घेऊन इकडून तिकडे चालत होती, त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. गाडीला मात्र परवाना लागतो. फाटकाच्या पलीकडे जकातीच्या खिडकीवर तो मिळतो. गाडी जितके दिवस आत ठेवायची तितक्या दिवसांचा. तिने तीन दिवसांचा घेतला. लुंबिनी जेमतेम तासाभराच्या अंतरावर, तीन दिवस पुष्कळ झाले असा हिशेब.

खिडकीतल्या माणसाने आमची ओळखपत्रं पाहिली, मग मला विचारलं, "गाड़ी आप चलाएँगे?"

"नहीं, ये चलाती हैं."

त्याने मान बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं. "दीदी, कहाँ से आई हैं?"

"रत्नागिरी. समुद्र के पास."

"वहाँ से इसी पर?"

"इसी पर," ती म्हणाली. तिचा चेहरा मला आठवतो. दहावीचा निकाल लागलेल्या मुलीसारखा झाला होता. एका माणसाला सांगून तिने फाटकाखाली गाडीसकट आमचा फोटो काढून घेतला. मग आम्ही निघालो. फाटक मागे पडल्यावर तिने मान जरा वळवून मोठ्याने विचारलं, "अहो, काही वेगळं वाटतंय का?"

"पाट्या सोडल्या तर नाही."

"मला वाटतंय," ती म्हणाली.

पलीकडचं पहिलं गाव भैरहवा, तिथे चहा घेऊन लुंबिनीच्या रस्त्याला लागलो. रस्त्याचं काम चाललं होतं. थोडं डांबर, थोडी खडी, परत डांबर. ती जपूनच चालवत होती. एका ठिकाणी डांबर संपून खडी सुरू होत होती, आणि तेवढ्यात समोरून बॅटरीची रिक्षा एकदम आमच्या बाजूला वळली. तिने ब्रेक दाबला. पुढचं चाक खडीवर घसरलं. मला एवढंच कळलं की गाडी डावीकडे जाते आहे आणि आता ती सरळ होणार नाही.

मी कडेच्या मातीत पडलो. मला कोपर आणि गुडघा खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ती माझ्यापासून दहा-बारा हातांवर रस्त्यात पडलेली होती, डाव्या कुशीवर, हालचाल नाही. गाडी आमच्या दोघांच्या मध्ये आडवी, इंजिन चालू, मागचं चाक फिरतंय. काठी गाडीच्या खाली.

मला उठता येईना. काठी नसली की जमिनीवरून उठायला मला काहीतरी धरायला लागतं. भिंत, खुर्ची, कोणाचा तरी हात. तिथे काहीच नव्हतं. मी तिला हाका मारल्या. ती उत्तर देईना. मी हातांवर सरकत निघालो. खडीवरून पाय ओढत सरकायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. रिक्षावाला रिक्षा थांबवून नुसता उभा होता, घाबरला होता बिचारा. मी निम्म्यात पोचलो असेन, तेव्हा तिचा आवाज आला. बारीक, पण तिचाच.

"गाडी बंद करा," ती म्हणाली.

मी हात लांब करून किल्ली फिरवली. मग तिच्यापाशी गेलो. तिचा डावा हात मनगटापाशी चमच्यासारखा वाकलेला होता. तिला उचलायचं सोडा, तिचं डोकं मांडीवर घेण्यापलीकडे मी काहीही करू शकत नव्हतो. खिशातून फोन काढला, तर त्यावर रेंज नाही. आपलं सिमकार्ड फाटकापलीकडे बंद पडलेलं. कामावरची माणसं धावत आली, त्यांनीच सगळं केलं. तिला त्याच रिक्षात बसवलं, मला उचलून तिच्याशेजारी ठेवलं, काठी आणून हातात दिली, आणि गाडी कोणीतरी ढकलत भैरहव्यापर्यंत आणली. त्यांची भाषा मला अर्धी कळत होती. मी सगळ्यांना हात जोडत होतो.

दवाखान्यात एक्स-रे काढले. डाव्या खांद्याचं पुढचं हाड मोडलं होतं, ते पट्ट्यात बांधून जुळलं असतं. मनगटाचं काम अवघड होतं. डॉक्टर तरुण होते, हिंदीत नीट समजावून सांगत होते. मनगटात धातूची पट्टी टाकायला लागेल, ऑपरेशन इथे करा किंवा घरी जाऊन करा, पण जास्त दिवस घालवू नका, हाड वाकडं जुळलं तर पुढे मूठ वळणार नाही.

"घरी," ती म्हणाली. औषधाने तिची जीभ जड झाली होती. "इथं आपलं कोण आहे?"

दवाखान्याजवळच एक लॉज होतं, साठीच्या एक बाई ते चालवत होत्या. त्यांनी आम्हाला खालची खोली दिली, माझा पाय बघून जिना नको म्हणाल्या. अंगणात आमची गाडी आणून लावली होती. आरसा फुटला होता, डाव्या बाजूचा पत्रा चेपला होता, बाकी गाडी ठीक होती. संध्याकाळी लॉजच्या वायफायवरून मुलीला फोन लावला. ती रडायलाच लागली. "बाबा, तुम्ही काहीतरी करा ना. तिला लगेच घेऊन या." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

अडचण गाडीची होती. परवाना तिच्या नावावर, तीन दिवसांचा. गाडी आत ठेवून निघून गेलो तर दंड, आणि कदाचित जप्तीही, असं लॉजवाल्या बाईंनी सांगितलं. त्यांनी दोन-तीन ओळखीच्या माणसांना विचारलं. परदेशाची गाडी, परवाना दुसऱ्याच्या नावावर, चालवताना पकडलं तर कोण निस्तरणार म्हणून कोणी तयार होईना. त्यांचं चूक नव्हतं. जो कोणी येई तो प्रथम माझ्याकडे बघायचा, नवरा आहे, नवरा नेईल. मग त्याची नजर काठीवर जायची आणि तो बाईंशी नेपाळीत बोलायला लागायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पलंगावर उठून बसली. म्हणाली, "मला एक सुचलंय. उजवा हात माझा चांगला आहे. मी पुढं बसते, ॲक्सिलेटर आणि ब्रेक मी बघते, गिअर पायानं टाकते. तुम्ही मागून डावा हात पुढे घाला आणि मी सांगेन तेव्हा क्लच दाबा, सांगेन तेव्हा सोडा."

"वेड लागलंय तुला."

"अंगणात करून तर बघू."

आम्ही करून बघितलं. बाई आणि त्यांची स्वयंपाकीण दोन्ही बाजूंनी गाडी धरून उभ्या राहिल्या. मी मागे बसलो, तिच्या कमरेजवळून हात पुढे घातला. तो क्लचपर्यंत पोचेना म्हणून आणखी वाकलो, तर माझा खांदा तिच्या पट्ट्याला लागला. तिने ओठ दाबून धरले. "दाबा," ती म्हणाली. मी दाबला. तिने गिअर टाकला. "आता हळूहळू सोडा. हळू." माझ्या बोटांना त्या दांडीची सवय नव्हती. ती एकदम सुटली. गाडीने उडी मारली आणि बंद पडली, आणि त्या हिसक्याने माझी सगळी छाती तिच्या मोडलेल्या खांद्यावर आदळली. तिचा ओरडा ऐकून दवाखान्यातला एक माणूस अंगणात आला. ती गाडीवरच वाकून राहिली. बाईंनी तिला धरून उतरवलं. मी मागे बसून होतो, मला उतरवायला कोणी येईपर्यंत.

खोलीत आल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुपारी बाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, लुंबिनी इथून अर्ध्या तासावर, मी गाडी बोलावते, दर्शन घेऊन या. मी बायकोकडे बघितलं.

"रिक्षातून इथवर आले तेव्हा प्रत्येक खड्ड्याला जीव जात होता," ती म्हणाली. "तोच रस्ता आहे. मला नाही जमणार. तुम्ही जाऊन या."

"मी एकटा?"

"जा. एवढ्या लांब आलोय. एकानं तरी बघून यावं."

मी गेलो नाही. तिला पाणी द्यायला, उठवून न्हाणीघरापर्यंत न्यायला कोणी नको का? आणि तिला न्यायचं म्हणजे काय, तर ती चांगल्या हाताने माझा खांदा धरायची आणि मी काठी धरायचो, असे दोघं भिंतीच्या आधाराने जायचो.

शेवटी बाईंचे दीर तयार झाले. त्यांचा पिकअप टेम्पो होता. ते म्हणाले, गाडी टेम्पोत टाकून फाटकापर्यंत सोडतो, पण पलीकडे मी येणार नाही, टेम्पोचे कागद वेगळे लागतात. तिसऱ्या दिवशी सकाळी चार माणसांनी गाडी टेम्पोत चढवली. बाईंनी वाटेसाठी पोळ्या बांधून दिल्या आणि बायकोच्या गालावरून हात फिरवला.

फाटकापाशी गर्दी होती. दिरांनी बरोबर आणलेल्या दोघांकडून गाडी उतरवून जकातीच्या खिडकीसमोर स्टँडवर लावली. मागून ट्रक हॉर्न वाजवत होते, पोलीस त्यांना टेम्पो हलवायला सांगत होता. त्यांनी आमच्याकडे बघून हात जोडले आणि ते गेले. बायकोने परवाना परत केला. खिडकीत या वेळी दुसरा माणूस होता. त्याने तिचा गळ्यात बांधलेला हात बघितला, माझी काठी बघितली. "अब कौन ले जाएगा?" त्याने विचारलं.

"हम ले जाएँगे," ती म्हणाली.

"जल्दी कीजिए. रास्ता रुकता है."

चालत गाडी ढकलायची तर मला काठी सोडायला लागली असती, आणि काठी सोडून मी चालू शकत नाही. तिच्या एका हाताने ती जड गाडी तोलली गेली नसती. जाणारे-येणारे सगळे ओझी घेतलेले, कोणी थांबत नव्हतं. मग एकच उरलं. मी गाडीवर पुढे बसायचं, दोन्ही हातांनी हँडल धरायचं, उजव्या पायाने रेटा द्यायचा, आणि तिने मागून एका हाताने ढकलायचं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसलो. तिने काठी मागच्या बॅगेच्या दोरीत अडकवली आणि पायाने स्टँड वर केला. गाडीचं सगळं वजन एकदम माझ्या हातांत आलं.

"उजवीकडं भार ठेवा," ती मागून म्हणाली. सड्यावर बायकांशी बोलते तोच आवाज होता, फक्त दम लागलेला. "डावीकडं अजिबात येऊ देऊ नका. समोर बघा, चाकाकडे नको."

आम्ही सरकायला लागलो. वीतभर, मग थांबायचं, मग वीतभर. बाजूने रिक्षा जात होत्या, पोती घेतलेले हमाल जात होते, एकाने फोन काढून आमचं चित्रण करायला सुरुवात केली. फाटकाच्या खालून गेलो. थोडं पुढे रस्त्यात गटारावरची लोखंडी जाळी होती. पुढचं चाक तिच्यात बसलं. मी जोर लावला, तशी गाडी हलली, पण डावीकडे. मी पाय टेकला. त्या पायात काही नाहीच. गाडी अगदी सावकाश, मला सगळं दिसत असताना, आडवी झाली. ती मागून ओढत होती, एका हाताने काय होणार?

लोक जमले. दोन हमालांनी पोती खाली टाकली, गाडी उचलली, आणि मला काही बोलायची संधी न देता ती ढकलत भारताच्या बाजूला घेऊन गेले. मागून ट्रक खोळंबले होते, त्यांनाही घाई होती. बायको त्यांच्याबरोबर धावत गेली. दोघा-तिघांनी मला उठवून कडेच्या कठड्याशी उभं केलं आणि तेही आपापल्या वाटेने गेले. ट्रक सुटले.

मग माझ्या लक्षात आलं की काठी गाडीबरोबर गेली.

मी कठडा धरून उभा होतो. मागे नेपाळची खिडकी, पुढे आपले पोलीस. एकामागून एक ट्रक माझ्यासमोरून जात होते. त्यांच्या मधल्या फटींतून मला बायको दिसायची. हमालांनी गाडी रस्त्यातच स्टँडवर लावून दिली होती आणि ते आपली पोती न्यायला परत निघाले होते. एक हवालदार तिला गाडी बाजूला घ्यायला सांगत होता. ती हाताकडे बोट दाखवत होती. तो पुन्हा तेच सांगत होता. मी हाक मारली, पण त्या आवाजात कुठली ऐकू जाते. परतणाऱ्या हमालाला मी म्हणालो, "भैया, मेरी लाठी," आणि त्याला ते कळलं नाही, तो पोतं उचलून निघून गेला. त्याला दोष देणार कसा? कठडा धरून उभ्या असलेल्या माणसाला पाऊल टाकता येत नसेल, हे बघणाऱ्याला कुठून कळावं?

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तिने मागे वळून बघितलं. मी दिसलो असेन, कारण ती तिथेच थांबली. एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. हवालदार दंडुका आपटत काहीतरी बोलत होता. तिने बॅगेच्या दोरीतून माझी काठी ओढून काढली, गाडी होती तिथेच रस्त्याच्या मध्ये सोडली आणि ट्रकांमधून वाट काढत परत आली. तिच्या ओढणीला ग्रीस लागलं होतं.

"गाडी?" मी विचारलं.

"असू दे."

"पोलीस उचलून नेईल."

"नेऊ दे नेली तर," ती म्हणाली आणि काठी माझ्या हातात दिली. तिचे डोळे भरले होते. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती. मग ती माझ्या डाव्या बाजूला आली आणि आम्ही चालत भारतात आलो. कोणी काही विचारलं नाही.

गाडी होती तिथेच होती. हवालदाराने आम्हा दोघांना जवळून पाहिलं, तेव्हा तो जरा नरमला. त्याने दुकानातल्या दोघांना बोलावून ती बाजूला घेतली. त्याच्याच ओळखीने गोरखपूरपर्यंत टेम्पो मिळाला. तिथे गाडी मालगाडीने पाठवायची सोय केली आणि आम्ही मिळेल त्या रेल्वेने निघालो. वाटेत दोनदा गाडी बदलली. पूर्ण प्रवासभर ती खिडकीशी बसून होती. लुंबिनीचं नाव तिने काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

मनगटाचं ऑपरेशन कोल्हापूरला झालं. मुलगी पुण्याहून आली होती. डॉक्टर म्हणाले, उशीर तसा झाला नाही, पण हाडाचे तुकडे फार होते. व्यायाम करत राहा, बघू. खांदा जुळला. मनगट वळायला लागलं, पण मूठ एका मर्यादेच्या पुढे जाईना. ती रोज सकाळ-संध्याकाळ रबरी चेंडू दाबत बसायची. मी समोर बसून बघायचो. मोजायला मात्र तिने मला मना केलं होतं.

मोटारसायकल बरीच उशिरा रत्नागिरी स्टेशनवर आली. ती घरी कोणी आणायची हा प्रश्न पडला, तर तिच्याकडे शिकून गेलेली सिव्हिलमधली एक नर्स ड्युटी संपवून आली. तिने किल्ली घेताना "मॅडम, चालेल ना?" असं दोनदा विचारलं. ती पुढे गाडी चालवत होती आणि आम्ही दोघं मागे रिक्षात. वळणावर नर्सने गिअर उशिरा बदलला. बायकोचा पाय रिक्षाच्या तळावर आपोआप दाबला गेला.

क्लास आता परत सुरू झालाय, फक्त बिनगिअरच्या स्कूटरचा. सड्यावर ती खुर्ची टाकून बसते. बायका येतात, तिचा आवाज अजून मोठा आहे. मध्यंतरी काकी येऊन सांगून गेल्या की विहारातून पुन्हा बस निघते आहे, नाव लिहू का. ती म्हणाली, बघू. दुसऱ्यांदा विचारायला आल्या तेव्हाही बघूच म्हणाली, आणि बस निघून गेली.

मोटारसायकल अंगणात पत्र्याखाली उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून ती अधूनमधून किल्ली लावून चालू करते, थोडा वेळ चालू ठेवते. मागच्या रविवारी मी पायरीवर पेपर वाचत बसलो होतो. गाडी चालू होती. तिने क्लचवर डावा हात ठेवला आणि दांडी दाबली. निम्म्यापर्यंत आली. तिने उजव्या हाताने डावी बोटं वरून दाबली, तशी आणखी थोडी आली. पुन्हा सोडली. पुन्हा दाबली. मी पेपर खाली ठेवला. तिने गाडी बंद केली, किल्ली काढून कमरेला खोचली आणि मला विचारलं, "आज मासे आणायचेत ना? मग काढा तुमची स्कूटर."